श्रावणातलं धुवण

डुकराचं नाव घ्यायची काहीएक गरज नव्हती.

हे प्रणिता निखाडेला समाजमंदिराच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं, पण तोवर शब्द तोंडातून सुटला होता. सावळझरीत औषधाची थंड पेटी ड्रोनने उतरत होती, शेताला किती पाणी द्यायचं ते फोन सांगत होता. पण सुटलेला शब्द परत आणून देईल असं यंत्र अजून कुणी काढलं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की सभेत पुढे बसलेल्या गंगूआजीने दातांच्या धुवणाची पुडी उलटीपालटी करत विचारलं होतं, हे कायचं बनते वं पोरी? दुसरं कुणी असतं तर 'औषध आहे आजी' म्हणून मोकळं झालं असतं. प्रणिताला मात्र पुरं उत्तर द्यायचा आजार होता. पंचवीस वर्षं नागपूरच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या मागे घालवली की तो जडतोच. ती म्हणाली, दातातलं हे विकर पहिल्यांदा डुकराच्या कोवळ्या दातात सापडलं, तिथे त्याची कृती वाचली, आता मात्र ते स्टीलच्या टाकीत यीस्ट तयार करतं, त्यात जनावराचा काडीचाही संबंध नाही. वाक्य लांबलचक आणि अगदी खरं होतं. त्यातलं यीस्ट उडालं, टाकी उडाली, सभा उठेपर्यंत नुसतं डुक्कर उरलं.

आणि चार दिवसांवर श्रावण होता.

सावळझरी पांढरकवड्याच्या पलीकडे, रानाला लागून. इथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. वीस-बावीस वर्षांपूर्वी नदीचं पाणी नळाने आलं तेव्हापासून पोरांचे दात ज्वारीच्या दाण्यासारखे निघू लागले, पण त्याआधी ज्यांचे दात घडले त्यांचे तपकिरीच राहिले. गावात कुणाला वय विचारायची गरज नव्हती. हसायला सांगितलं की पुरे. आणि तेच कुणी करत नव्हतं. तिशीच्या पुढची प्रत्येक बाई हसू आलं की आधी पदर शोधायची.

यात प्रणिताची वहिनी कुंदा सगळ्यांत पटाईत. प्रणिता आठवीत होती तेव्हा कुंदा लग्न होऊन घरात आली, तीही तसल्याच पाण्याच्या गावातून. तिने प्रणिताच्या वेण्या घातल्या, तिला शिकायला नागपूरला पाठवायचं म्हणून सासऱ्यांशी वाद घातला, तिच्या प्रत्येक निकालाला पेढे वाटले. एवढ्या वर्षांत प्रणिताने तिचं हसणं हजारदा ऐकलं होतं. पाहिलं एकदाही नव्हतं.

प्रणिता प्रथिनांकडे वळली ती त्या पदरापायी, असं म्हणायला हरकत नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. आणि ती घडते एका मऊ, पाणचट प्रथिनात. दात हिरडीच्या आत असतानाच काही पेशी अमेलोजेनिन नावाचं प्रथिन सोडतात. त्याचे बारीक गोळे ओळीने लागतात, आणि त्यांच्या मधल्या सांदीत चुन्याचे नि फॉस्फरसचे केसाहून कितीतरी बारीक स्फटिक उभे वाढत जातात. प्रथिन त्यांना सरळ ठेवतं, एकमेकांना चिकटू देत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. स्फटिक पुरते लांब झाले की दुसरी प्रथिनं येतात. ती विकरं. ती पहिल्या प्रथिनाचे ठरलेल्या ठिकाणी तुकडे करून त्याला बाहेर काढतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत जातात. तयार कवचात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. मग दात बाहेर येतो, घडवणाऱ्या पेशी मरतात, आणि ते कवच जन्मात पुन्हा बनत नाही.

फ्लोराइड जास्त झालं की ही काढणी रेंगाळते. प्रथिन आत अडकून बसतं, कवच सच्छिद्र राहतं, आणि पुढे आयुष्यभर त्या छिद्रांत चहापासून हळदीपर्यंत सगळे डाग मुक्काम करतात.

गावात समजावताना ती स्लॅबचं उदाहरण द्यायची. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्याशिवाय स्लॅब पडत नाही, आणि फळ्या काढल्याशिवाय घर होत नाही. तिच्या चमूने दोन्ही कामांची औषधं बनवली होती. लेप म्हणजे फळ्या नि सिमेंट: दातावर बसायचा आणि आठवड्याभरात त्यात नवे स्फटिक उभे राहायचे. धुवण म्हणजे फळ्या काढणारा गडी: रोज एक पुडी पाण्यात घोळून चूळ धरायची. धुवण वेळेवर सुरू झालं नाही तर लेप तसाच मऊ, खडूसारखा राहायचा आणि काही महिन्यांत पापुद्र्याने निघायचा. निघताना खालचं उरलंसुरलं कवचही घेऊन जायचा.

पेरण्या आटोपून बायका जरा मोकळ्या होतील म्हणून लेपाला आषाढाचा शेवट प्रणितानेच निवडला होता. श्रावण तिच्या वेळापत्रकात नव्हताच. नागपुरात तो फक्त कॅन्टीनच्या फळ्यावर दिसतो.

कुंदावहिनी भजनी मंडळाची प्रमुख. ती हो म्हणाली की गाव हो म्हणायचं. लेप तिनेच सगळ्यांत आधी लावून घेतला होता, नणंदेची इभ्रत म्हणून. धुवणाला मात्र तिने शांतपणे मान हलवली. श्रावण संपून पोळ्याची कर झाली की घेऊ, म्हणाली, त्या दिवशी घरोघरी मटण शिजतेच, त्यातच तुमचं डुकर बी खपून जाईन.

प्रणिताने सांगितलं की पोळ्यापर्यंत फार उशीर होईल. कुंदाने ऐकून घेतलं आणि वरईचे तांदूळ निवडायला बसली.

मग प्रणिताने सुचेल ते करून पाहिलं. नागपूरहून हिरव्या ठिपक्याच्या नव्या पुड्या मागवल्या. बायका म्हणाल्या, हिरवा ठिपका त पानमसाल्यावर बी रायते. कुठल्याशा मठाच्या महाराजांकडून 'हे शुद्ध शाकाहारी आहे' असा व्हिडिओ करून आणला. तो सगळ्यांनी भक्तिभावाने पाहिला, आणि कुंदामागोमाग लेप लावलेली मंदा गेडाम म्हणाली, महाराजाचे दात पैलेच पांढरे हायेत, त्यायचं काय जाते? शेवटी पहिल्या श्रावणी सोमवारी प्रणिताने देवळासमोरच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांदेखत स्वतः धुवणाची चूळ भरली.

"तुमी नागपुरात अंडे खाता, बाई," कुंदावहिनी म्हणाली. "तुमचं काय मोडन?"

बायका पदराआड हसल्या. मग कुंदाने अगदी सहज, भाजीला मीठ घातलं का विचारावं तसं विचारलं, "अन तुमी सोता लेप काऊन नाही लावला?"

सगळ्यांनी प्रणिताच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे पुढचे सहा दात एकसारखे, चकचकीत, चिनी मातीच्या कपासारखे होते. नोकरी लागली त्या वर्षी तिने ते बसवून घेतले होते. लेपाला खाली स्वतःचं कवच लागतं, आणि टोप्या बसवण्यासाठी ते डॉक्टरने घासून काढलेलं. हे सगळं तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली की माझ्या दातांना तो चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने अर्धं उत्तर दिलं, आणि तेही नेमकं चुकीच्या वेळी.

घरी जेवताना भाऊ विलासने भात कालवला. मग म्हणाला, "तू लय बोलून रायली." आणि ताक मागितलं.

खरं तर एकदा जमत आलं होतं. दुपारी स्वयंपाकघरात दोघीच असताना प्रणिताने डुक्कर, यीस्ट सगळं बाजूला ठेवून विचारलं, वहिनी, मटण लवकर शिजावं म्हणून तुम्ही त्यात काय टाकता? कच्ची पपई, कुंदा म्हणाली. बस, धुवण तेच करतं. पपई जशी मांस मऊ करते तसं हे आतलं प्रथिन मोकळं करतं. कुंदाने पहिल्यांदा मान डोलावली. प्रणिताला वाटलं, सुटलं एकदाचं.

ती पपईची गोष्ट वहिनीकडून दुसऱ्या दिवशी कुठे पोचली ते मंदा गेडामच्या तोंडात दिसलं. पपई झाडाची, श्रावणात चालते, परसात आहेच. मंदाने कच्च्या फळाचा चीक बोटावर घेऊन दात चांगले घासले होते. पपईच्या विकराला ठरलेलं ठिकाण वगैरे कळत नाही. ते दिसेल ते तोडत सुटतं. फळ्या सावकाश काढण्याऐवजी टेकूच पाडावेत तसं झालं होतं. मंदाचा लेप जागोजागी निघून आला होता, आणि मधून जुना तपकिरी रंग पावसात धुपलेल्या चुन्याच्या भिंतीसारखा डोकावत होता.

"पांढरे झाले होते वं," ती ओट्यावर बसून म्हणाली. भांडायला आली होती, पण आवाजात भांडण उरलं नव्हतं. "म्या आरशात पाह्यले होते."

त्यानंतर ज्या दोघीतिघी कुरकुरत का होईना तयार झाल्या होत्या त्यांनीही पुड्या परत आणून दिल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा फोन आला. ते समजुतीने बोलले, म्हणजे वाईटच बोलले. गावाचा प्रयोग फसला असं नोंदवू, म्हणाले, दुसरं गाव बघू, तुम्ही परत या. प्रणिताने त्यांना चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं आणि पाठवायचं सोडून शेणाच्या खड्ड्यापर्यंत पाच-सहा चकरा मारल्या. दुसरं गाव बघू! या गावात मऊ खडू तोंडात घेऊन बसलेली जी एक बाई होती ती दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार नव्हती.

चिडचिड अशी की तिला कशाचाच राग पुरा येईना. गावाचा यावा, तर डुक्कर तिनेच आणलेलं. श्रावणाचा यावा, तर तो दरवर्षी येतो, त्याचा काय दोष. पपईचा तर विचारूच नका.

अशीच ती भर दुपारी परसातून आत आली, आणि मधल्या खोलीच्या दारात थबकली. कुंदावहिनी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. पदर खांद्यावरून मागे टाकलेला, दोन्ही हात खाली. ओठ विलग करून ती स्वतःचे दात बघत होती. मान डावीकडे, मग उजवीकडे. मग ती आवाज न करता हसली. थांबली. पुन्हा हसली, जरा मोठं. एखादी पोर नवी रांगोळी घालून पाहते, पुसते, परत घालते तसं तिचं चाललं होतं. लेपाने दातांवर दुधाळ, गुळगुळीत पांढरेपणा आला होता, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते खरोखर छान दिसत होते.

प्रणिता पाऊल न वाजवता मागे फिरली आणि परसात जाऊन धुण्याच्या दगडावर बसली.

मग एकेक गोष्ट आपली आपण जागेवर बसत गेली. वहिनी भाकरी दुधात कुस्करून खात होती. भाजलेला भुट्टा हातात आला की 'तुमी घ्या' म्हणून पुढे करत होती. तिने चहा सोडला होता. कुंदावहिनीने श्रावणात चहा सोडला म्हणून बायका तिचं केवढं कौतुक करत होत्या! तो कुठल्या देवासाठी सोडला नव्हता. चहाचा डाग पडतो म्हणून सोडला होता.

म्हणजे डुकराचा इथे काही संबंधच नव्हता. इतके दिवस प्रणिता एका नसलेल्या डुकराशी कडाक्याचं भांडत होती. आणि सभेत आणखी एक शब्द ती बोलून गेली होती, त्याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं: धुवण प्रथिन 'खातं'. जन्मभर वाट पाहून तोंडाला पांढरं लागलं, आणि आता नणंद म्हणते त्यावर खाणारं पाणी फिरवा. मंदाचं तोंड तर समोर होतंच.

संध्याकाळी पाऊस उघडला होता. कुंदाने शेगडीवर भुट्टे लावले, प्रणिता शेजारी पाटावर बसली. आज तिला कुणाला काही समजावायचं नव्हतं. विचारायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी तेच सुचत नव्हतं, आणि न सुचण्याच्या त्राग्यात तिने भुट्ट्याला जो कडकडून चावा घेतला, त्यासरशी समोरच्या दाताची टोपी निघाली आणि टपकन राखेत पडली.

प्रणिताचा हात आपोआप तोंडावर गेला.

कुंदाने चिमट्याने टोपी राखेतून उचलली, फुंकली, पदराला पुसली. "पाहू," म्हणाली.

"नको."

"बाई, तुमच्या डोक्यातल्या उवा काढल्या म्या. पाहू."

प्रणिताने हात खाली घेतला. टोपीखाली दात असा नव्हताच. पेन्सिलीचं टोक झिजावं तसा पिवळट, बारका खुंट उरला होता. कुंदा तो बघत राहिली. तिला हसू यावं असं प्रणिताला वाटत होतं, ते आलं नाही.

"घासून काढला," प्रणिता म्हणाली. तिची नागपुरातली कमावलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "सहाच्या सहा. डॉक्टर म्हने थोडं थांबा, दुसरं काही निघन. मले घाई झाली होती, वहिनी. नव्या हापिसात हसाचं होतं. आता लेप लावाले खाली काही उरलंच नाही."

भुट्ट्याचे दाणे शेगडीवर तडतडले. कुंदाने तो उलटा केला. मग शेगडीकडेच बघत तिने विचारलं, "धुतलं अन गेलं त?"

हा प्रश्न इतके दिवस पपईआड, सोमवाराआड, महाराजांआड दडून बसला होता. 'काही जात नाही' असं म्हटलं असतं तर काम झालं असतं. प्रणिताच्या ओठांवर ते आलंही होतं. पण पुरं उत्तर द्यायचा तो आजार.

"जाईन थोडं," ती म्हणाली. "आता दिसते तेवढं पांढरं नाही राहणार. हे पांढरं फळ्यायचं हाय. खाली जे उरन ते जरासं पिवळसर असन, दातासारखं. पन पक्कं असन. अन तुमचं सोताचं असन."

टोपी कुंदाने कागदात गुंडाळून प्रणिताच्या हातावर ठेवली आणि भुट्ट्याला लिंबू-मीठ चोळायला घेतलं. प्रणिता मनात म्हणाली, झालं, आधी डुक्कर, आता हे. तिने बॅग भरायला काढली.

सकाळी तिला न्हाणीतून चूळ टाकल्याचा आवाज आला. कुंदा दगडावर उकिडवी बसली होती, केस मोकळे, अंगावर कालचंच लुगडं, हातात फोडलेली पुडी. मंदा गेडाम आणि आणखी तीनचार जणी परसाच्या दाराशी तांब्ये घेऊन उभ्या होत्या. कुंदा त्यांना सांगत होती की सोमवार असो का शनिवार, उपास लागतो तो अंघोळीच्या पाण्याबरोबर. पारोश्या तोंडात काय घेतलं ते कुणी मोजत नाही. दात घासतोच ना आपण, त्यातलंच हे. अंघोळीच्या आधी उरकून टाकाचं.

"हे तुम्हाला आधी नाही सुचलं?" प्रणिताला राहवलं नाही.

"आधी मले घ्याचंच नव्हतं," कुंदा म्हणाली, आणि पुन्हा तोंडात चूळ धरली, म्हणजे पुढचं बोलायला नको.

इतका पुरावा, ठिपका, महाराज, सगळं ज्यापुढे थकलं ते असं तांब्याभर पाण्यात विरघळलेलं बघून प्रणिताला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मुख्यतः संताप. इतके दिवस आपणच त्या पहिल्या प्रथिनासारखे स्फटिकांच्या मधोमध ठाण मांडून बसलो होतो, बाजूला झालो की काम पुढे सरकलं, हेही तिच्या लक्षात आलं, पण ते मान्य करायला तिला नागपूरपर्यंतचा प्रवास लागला.

ती परत आली ती पोळ्याच्या करीला. घरोघरी मसाल्याचा वास सुटला होता. मंदाच्या दातांना नव्याने लेप लावायचा होता, आणि ती आल्याआल्या त्यावरून दोन शब्द ऐकवून गेली. प्रणिताने कवचाचा कडकपणा मोजायचं बारकं यंत्र काढून कुंदाचे दात तपासले. आकडे उत्तम होते. कवच बसलं होतं, पक्कं, एकसंध. रंग मात्र दुधाचा नव्हता, शिळ्या लोण्याचा होता.

"पैले जास्त पांढरे होते," कुंदा आरशात बघून म्हणाली.

"म्हटलं होतं तुम्हाला."

"म्हटलं होतं," कुंदाने कबूल केलं. आणि तिने परातीतून उरलासुरला एक जून भुट्टा उचलला आणि त्याला असा चावा घेतला की विलासने ओसरीवरून वळून पाहिलं. गालावर दाणा चिकटलेला, तोंड भरलेलं, ती प्रणिताकडे विजयाने बघू लागली, आणि ते ध्यान पाहून प्रणिताला हसू फुटलं.

तिच्या टोपीचं काम अजून झालं नव्हतं. दवाखान्यात जायला वेळ कुणाला होता. खुंट आठवला तसा तिचा हात तोंडाकडे गेला.

कुंदाने मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "हात खाली घ्या, बाई," म्हणाली, आणि स्वतःही हसली. एका हातात भुट्टा होता, दुसऱ्यात नणंदेचं मनगट. पदराला हात उरला नव्हता.